तिहुआना, नोगालेस, हुआरेस: मेक्सिकोच्या सीमेवरील शहरांत जाताना आणि मुख्य म्हणजे परत येताना

सॅनडिएगोकर

सॅन डिएगोत राहायला येऊन मला अठरा वर्षे झाली. पाहुणे आले की समुद्र, प्राणिसंग्रहालय आणि विमानवाहू जहाज बघून होते आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विषय निघतोच, की मेक्सिको इथून इतके जवळ आहे तर एक चक्कर मारून यायला काय हरकत आहे. हरकत काहीच नाही. ट्रॉलीच्या, म्हणजे शहरी रेल्वेच्या, निळ्या मार्गाचे शेवटचे स्थानक सॅन इसिड्रो हे आहे, शहराच्या मध्यभागातून तिथे पोहोचायला साधारण पाऊण तास लागतो आणि स्थानकाबाहेर पडून थोडे चाललात की तुम्ही तिहुआनात असता. अंतर इतके थोडे असल्यामुळेच लोक या फेरीला परदेशप्रवास समजत नाहीत, लक्ष्मी रोडला जाऊन यावे तसे निघतात, आणि मग मला फोन येतात. ते फोन कमी व्हावेत या काहीशा स्वार्थी हेतूने हा धागा काढत आहे. इतर ठिकाणच्या सभासदांनी आपापल्या भागाची भर घालावी.

पाहुण्यांचा पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो. तो रास्त आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण इतक्या वर्षांत माझ्या ओळखीतल्या कोणाचेही तिहुआनात पाकीटसुद्धा मारले गेलेले नाही, आणि कागदपत्रांपायी अडकलेली माणसे मोजायला मात्र दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. याचे कारण साधे आहे. सीमेला दोन दारे आहेत आणि दोन्हींचे मालक वेगळे आहेत. आत घेण्याचे नियम मेक्सिकोचे, परत घेण्याचे नियम अमेरिकेचे, आणि एका दाराशी चालणारा कागद दुसऱ्या दाराशी चालेलच असे नाही.

जाताना अमेरिकेच्या बाजूने बहुधा तुम्हाला कोणी अडवत नाही, पासपोर्टवर शिक्का मारत नाही आणि कुठे चाललात म्हणून विचारतही नाही. लोखंडी फिरते फाटक ढकलायचे की झाले. ते उलट दिशेने फिरत नाही, हे मात्र ढकलण्यापूर्वी लक्षात घ्यावे. पुढे मेक्सिकोच्या इमिग्रेशनची इमारत लागते, तिथे परदेशी लोकांची रांग वेगळी असते. भारतीय पासपोर्टधारकाला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण ज्याच्याकडे अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे त्याला तो वेगळा काढावा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांचा वैध व्हिसाही चालतो. अधिकारी पासपोर्ट पाहतो, किती दिवस राहणार ते विचारतो आणि एफएमएम नावाचा प्रवेश-फॉर्म देतो किंवा शिक्का मारतो. जमिनीवरून जाणाऱ्याला सात दिवसांपर्यंत या फॉर्मचे शुल्क पडत नाही, त्याहून अधिक राहायचे असेल तर पडते. काही नाक्यांवर तुम्हाला कोणीच हटकत नाही आणि माणसे तशीच गावात शिरतात. तसे करू नये, खिडकी शोधून कागद करून घ्यावा, कारण आत कुठे विचारणा झाली तर तुम्ही देशात कायदेशीर शिरलात याचा तोच एक पुरावा असतो.

परतीची गोष्ट निराळी. सॅन इसिड्रो हा पश्चिम गोलार्धातला सर्वांत वर्दळीचा जमिनीवरचा नाका समजला जातो. गाड्यांसाठी चौतीस मार्गिका आहेत आणि त्या सगळ्या चालू असल्या तरी रविवारी संध्याकाळी दोन-तीन तास बसून काढावे लागतात. तिथले लोक गाड्यांच्या या रांगेला नुसते "ला लीनेआ" म्हणजे "रांग" म्हणतात, जणू जगात दुसरी रांग नाहीच. गाड्यांच्या मधून चुरोस, मातीचे रंगीत गल्ले आणि गोधड्या विकणारे फिरत असतात. पहाटे कामावर येणाऱ्यांची गर्दी, रविवारची संध्याकाळ आणि अमेरिकेतील सोमवारच्या सुट्ट्या या तीन वेळा टाळाव्यात. सीमाशुल्क विभाग प्रत्येक नाक्यावरची प्रतीक्षेची वेळ आपल्या संकेतस्थळावर देत असतो, ती पाहूनच हॉटेलातून निघावे. पायी येणाऱ्यांनी रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर विशेषच.

माझा सल्ला असा, की पहिल्यांदा जाणाऱ्याने गाडी नेऊच नये. अमेरिकेतला वाहनविमा मेक्सिकोच्या कायद्याला मान्य नाही. मेक्सिकोतल्या कंपनीची तृतीय पक्ष विम्याची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि ती नसताना अपघात झाला तर दोष ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवले जाऊ शकते. भाड्याची गाडी असेल तर ती सीमेपलीकडे नेण्याची लेखी परवानगी आहे का ते पाहावे, बहुतेकदा ती नसते. मित्राची गाडी मागून नेणार असाल तर डिकी आणि पुढचा कप्पा स्वतः उघडून तपासावा. मेक्सिकोत परवान्याविना बंदूक तर सोडाच, एखादे विसरलेले काडतूस सापडले तरी तो गंभीर गुन्हा आहे, आणि ॲरिझोना-टेक्ससकडच्या गाड्यांत अशी काडतुसे सीटखाली लोळत असतात. ई-सिगारेटही नेऊ नये. तिच्यावर तिथे आधीपासून बंदी होती आणि २०२५ च्या जानेवारीत ती थेट राज्यघटनेत घातली गेली.

वाळवंटातली मोगरी

उपयुक्त धागा आहे, आभार. आम्ही फिनिक्सला असतो. माझे आई-बाबा सध्या पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आले आहेत. बाबांच्या दाढेचे काम निघाले असून इथल्या दंतवैद्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबांनी तोंड मिटले ते अजून उघडलेले नाही. सगळे जण लोस आल्गोदोनेसला जा म्हणतात. पर्यटक व्हिसावरच्या माणसांना नेऊन परत आणता येते का, आणि मी ज्येष्ठांना घेऊन एकटीने जाणे कितपत योग्य आहे, हे कृपया सांगावे.

यूमाचा शेतकरी

मोगरीताई, लोस आल्गोदोनेस हे माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि माझ्या तोंडातले अर्धे दात तिथलेच आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

हे गाव बाहा कॅलिफोर्निया राज्याच्या ईशान्य टोकाला आहे आणि अमेरिकेच्या बाजूचा नाका अँड्राडे या नावाचा, कॅलिफोर्नियात, पण यूमाला खेटून आहे. गावात शिरल्यापासून चार-पाच रस्त्यांत दंतवैद्य, चष्मेवाले आणि औषधांची दुकाने यांखेरीज फारसे काही नाही. इंग्रजीत त्याला "दाढांचे शहर" म्हणतात ते उगीच नव्हे. हिवाळ्यात कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतले निवृत्त लोक यूमाला मुक्काम करतात आणि तेच या गावाचे गिऱ्हाईक असल्याने गावाचा सगळा व्यवहार म्हाताऱ्या माणसांच्या सोयीने चालतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने सीमेवरच्या गावांत हे सौम्यातले सौम्य समजावे. गाडी अमेरिकेच्या बाजूलाच क्वेचान जमातीच्या वाहनतळावर ठेवावी आणि चालत जावे. नाक्यापासून बहुतेक दवाखाने पाच-सात मिनिटांच्या अंतरात आहेत.

दवाखाना निवडताना रस्त्यावर हात धरून ओढणाऱ्या दलालांचे ऐकू नये. वैद्याचे नाव आणि परवान्याचा क्रमांक विचारावा (मेक्सिकोत त्याला "सेदुला" म्हणतात आणि तो सरकारी नोंदीत तपासता येतो), आधी एक्स-रे काढून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि एकाच दिवसात चार-पाच दातांची कामे उरकून घेण्याचा मोह टाळावा. रोपण करायचे असेल तर दोन-तीन फेऱ्या होणारच हे धरून चालावे. पर्यटकांसाठी काढलेला वैद्यकीय विमा बहुधा फक्त अमेरिकेत चालतो, तोही पाहून घ्यावा.

आता घड्याळाची गंमत. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, बाहा कॅलिफोर्निया पाळते. त्यामुळे उन्हाळ्यात फिनिक्स आणि आल्गोदोनेस यांची वेळ एकच असते, पण हिवाळ्यात आल्गोदोनेस एक तास मागे असते. मोबाईल कधी या देशाचा तर कधी त्या देशाचा मनोरा पकडतो आणि वेळ आपोआप बदलत राहते. दवाखान्याची वेळ ठरवताना "कुठल्या घड्याळाने" हे विचारून घ्यावे. नाका रात्री दहाला बंद होतो तो कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने. बंद झाला की रात्र पलीकडे काढावी नाही तर मेहिकालीच्या नाक्यापर्यंत जावे. हिवाळ्यात दुपारनंतर पायी रांग उन्हात दोन तासांपर्यंत जाते, म्हणून सकाळी लवकर जाऊन जेवणाच्या आधी परतलेले बरे.

कागदोपत्री

पर्यटक व्हिसाच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मी वकील नाही, पण स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या कागदांत आयुष्य गेले आहे.

आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा बहुप्रवेशी व्हिसा मुदतीत आहे असे गृहीत धरतो. तसे असेल तर मेक्सिको त्यांना आत घेईल आणि अमेरिका परतही घेईल. मात्र एक गैरसमज काढून टाकावा. मेक्सिकोला पाय लावून आले की पुन्हा सहा महिने मिळतात, असे व्हॉट्सॲपवर फिरत असते. तीस दिवसांच्या आतल्या फेरीसाठी बहुधा जुनीच मुक्कामाची तारीख कायम राहते, आणि अधिकाऱ्याला नुसती शंका आली, की ही माणसे मुदत वाढवून घ्यायला बाहेर जाऊन आली आहेत, तर पुढचे प्रश्न दात सोडून इतरत्र जातात. आय-९४ ची (अमेरिकेतील प्रवेश आणि मुक्कामाची मुदत यांची नोंद) छापील प्रत, परतीचे विमानाचे तिकीट आणि दवाखान्याची पावती जवळ असू द्यावी. प्रश्नाचे उत्तर विचारले तेवढेच द्यावे. आपल्याकडे बाबा मंडळींना अधिकाऱ्याला संपूर्ण कुटुंबाचा इतिहास सांगण्याची सवय असते.

आय-९४ नवीन द्यायची वेळ आली तर जमिनीवरच्या नाक्यावर तिचे शुल्क पडते. ते पूर्वी ६ डॉलर होते, २०२५ च्या सप्टेंबरअखेर ३० डॉलर झाले.

नुकताच_आलो

माझा प्रश्न जरा अडचणीचा आहे. माझा एच-वन-बी व्हिसा पासपोर्टवर संपला आहे, पण कंपनीने मुदतवाढ घेतल्यामुळे आय-७९७ (मुदतवाढ मंजूर झाल्याचा कागद) आणि आय-९४ पुढच्या दोन वर्षांसाठी वैध आहेत. कार्यालयातले सहकारी म्हणतात, की मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन यायला नव्या व्हिसाची गरज नाही. त्यांच्याबरोबर शनिवार-रविवारी तिहुआना आणि एन्सेनादा करायचा विचार आहे. जावे का?

कागदोपत्री

तुमच्या सहकाऱ्यांनी सांगितले ते निम्मे खरे आहे आणि उरलेल्या निम्म्यातच माणसे फसतात.

ज्याला व्हिसाचे आपोआप पुनर्वैधीकरण म्हणतात, ती सवलत अमेरिकेच्या नियमांत खरोखर आहे. केवळ कॅनडा किंवा मेक्सिकोत, तीस दिवसांपेक्षा कमी राहून, वैध आय-९४ आणि वैध पासपोर्ट घेऊन परतणाऱ्याला संपलेल्या व्हिसावरही आत घेता येते. अट अशी, की तिथे असताना नवीन व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. अर्ज केला आणि तो नाकारला गेला किंवा लोंबकळत राहिला, तर ही सवलत गेली. काही मोजक्या देशांच्या नागरिकांना ती मुळातच नाही, भारतीयांना आहे. विद्यार्थ्यांनाही आहे, मात्र त्यांनी आय-२० वर (विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशपत्रावर) विद्यापीठाची प्रवासासाठीची ताजी सही घेतलेली असावी.

पण हे झाले परतीच्या दाराचे. जाण्याच्या दाराशी मेक्सिकोचा नियम आहे, आणि मेक्सिको तुम्हाला व्हिसाविना घेतो तो तुमच्याजवळ अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असतो म्हणून. तुमचा तर संपलेला आहे. आय-७९७ हा व्हिसा नव्हे, आणि मेक्सिकोच्या अधिकाऱ्याला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. तेव्हा तुम्हाला आधी मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासातून मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. "आम्ही गेलो होतो, कोणी विचारले नाही" असे सांगणारे भेटतील. पायी नाक्यावर कधी कधी विचारत नाहीत हे खरे. पण एन्सेनादाच्या वाटेवर तपासणी झाली आणि तुम्ही मेक्सिकोत बेकायदा असल्याचे निघाले, तर सोमवारी सकाळी कामावर कोण जाणार?

आणखी दोन गोष्टी. ग्रीन कार्डाचा शेवटचा टप्पा, म्हणजे आय-४८५, प्रलंबित असेल आणि प्रवासाची आगाऊ परवानगी हातात नसेल, तर एच आणि एल प्रकारच्या व्हिसाचे वैध धारक सोडून इतरांनी सीमेबाहेर पाऊल टाकले की अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. दुसरे, परत आल्याआल्या घरी बसून आपली आय-९४ संकेतस्थळावर उघडून तारीख पाहावी. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी मुक्कामाची मुदत पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आय-७९७ वर काहीही लिहिलेले असो. माणसे ते पाहत नाहीत आणि वर्षभराने समजते, की आपण कधीच मुदतीबाहेर गेलो आहोत.

पूर्वी आपले पुष्कळ लोक व्हिसाच्या शिक्क्यासाठीच तिहुआना, हुआरेस, नोगालेस किंवा मातामोरोसला जात असत, त्यामुळे जुन्या धाग्यांत त्याची वर्णने सापडतील. २०२५ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने अर्जदारांनी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा निवासाच्या देशातच मुलाखत द्यावी असे ठरवले आहे, म्हणून त्या जुन्या सल्ल्यावर विसंबून तिकिटे काढू नयेत.

रिओकाठी

मी मॅकॅलनजवळ, टेक्ससच्या दक्षिण टोकाला राहते. इथला सूर जरा जास्तच खेळीमेळीचा झाला आहे असे वाटते, म्हणून लिहीत आहे.

माझ्या घरापासून रेनोसा पंधरा मिनिटांवर आहे आणि मी तिथे जात नाही. रेनोसा, मातामोरोस आणि नुएवो लारेदो ही तीनही शहरे तामाउलिपास राज्यात आहेत, आणि त्या राज्यासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना कित्येक वर्षे चौथ्या पातळीची आहे, म्हणजे "प्रवास करू नका". २०२३ च्या मार्चमध्ये चार अमेरिकी नागरिक मातामोरोसला आले होते. त्यांच्यातल्या एकीला सौंदर्यशस्त्रक्रिया करून घ्यायची होती. भर दिवसा त्यांच्या गाडीवर गोळीबार होऊन चौघांचे अपहरण झाले, त्यातले दोघे मारले गेले. ते कुणाच्या वाट्याला गेले नव्हते, डॉक्टरकडे चालले होते. "सीमेवरची शहरे" असा एकच शब्द वापरून तिहुआना आणि मातामोरोस एका पंक्तीत बसवू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

सॅनडिएगोकर

रिओकाठी यांचा आक्षेप पूर्ण मान्य. मी शीर्षकात तामाउलिपासमधल्या शहरांची नावे घेतली नाहीत ती याच कारणाने, पण तसे स्पष्ट लिहायला हवे होते. दोन हजार मैलांच्या सीमेवर एकच एक परिस्थिती असणे शक्य नाही, आणि एकाच शहरातही नसते. तिहुआनात हत्यांचे प्रमाण मोठे आहे. ते बहुतांशी टोळ्यांच्या आपसातल्या वैरातून आणि पूर्वेकडच्या वस्त्यांत घडते. पाहुणे जातात ते आवेनिदा रेवोलुसिऑन, झोना रिओ आणि मेर्कादो इदाल्गो या भागांत. नाक्याजवळची झोना नोर्ते ही वस्ती दिवसाही टाळावी, रात्री तर निश्चितच.

मी पाहुण्यांबरोबर पाळतो ते नियम फार थोडे आहेत. दिवसाउजेडी जावे आणि अंधार पडण्याआधी परतीच्या रांगेत असावे. रस्त्यात उभी असलेली टॅक्सी न घेता ॲपवरून गाडी मागवावी. नाक्याबाहेरच्या पिवळ्या टॅक्सीवाल्याशी वाद घालण्याचा दम असेल तर आधी भाडे ठरवून बसावे. एटीएम वापरायचे ते बँकेच्या आतले. डॉलर सगळीकडे चालतात, पण सुट्टे देताना भाव दुकानदाराचा असतो, म्हणून थोडे पेसो जवळ असावेत. मूळ पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पिशवीत आणि त्याचे छायाचित्र घरी राहिलेल्या कोणाकडे तरी असावे. आपत्कालीन क्रमांक तिथेही ९११ च आहे आणि पर्यटकांच्या मदतीसाठी ०७८ आहे.

औषधांबद्दल एक गंभीर इशारा. २०२३ मध्ये तिहुआनासह काही पर्यटनाच्या शहरांतल्या औषधदुकानांत सुट्या विकल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांत फेंटानिल आणि मेथ हे घातक अमली पदार्थ सापडल्याचे उघड झाले आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्यावर सूचना काढली. चिठ्ठीशिवाय, पाकिटाबाहेर काढून मोजून दिलेली गोळी घेऊ नये. उलट बाजूने, स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची साधी औषधे, जी अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतात, ती मेक्सिकोत निषिद्ध आहेत. आपल्या काकू-मावश्यांच्या पर्समध्ये सर्दीच्या गोळ्यांचे जे छोटे दुकान असते ते सीमेअलीकडेच रिकामे करून घ्यावे. आणि गांजा कॅलिफोर्नियात कायदेशीर असला तरी सीमा हा केंद्र सरकारचा प्रांत आहे. तिथे ज्याच्याकडे नागरिकत्व नाही अशाने गंमत म्हणून घेतल्याची नुसती कबुली दिली तरी पुढचा प्रवेश बंद होऊ शकतो.

भाकरतुकडा

विषय गंभीर आहे, तरी पोटाचा प्रश्न विचारतो. आम्ही घरचे सगळे शाकाहारी आहोत. तिथे काय खावे?

सॅनडिएगोकर

फ्रिहोलेस म्हणजे घोटलेला घेवडा मागवण्याआधी "सिन मान्तेका?" असे विचारा, मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि घेवड्यात व मैद्याच्या तोर्तियात (पोळीत) ती सर्रास असते. मक्याची तोर्तिया बहुधा निर्धोक. निवडुंगाच्या पानांची भाजी, नोपालेस, आवर्जून खावी, भेंडीसारखी किंचित बुळबुळीत लागते. सीझर सॅलड हे तिहुआनाचेच अपत्य आहे, पण त्याच्या मसाल्यात मासे असतात. परतताना कच्ची फळे, भाज्या आणि मांस आणू नये. आणलेच असेल तर सांगून टाकावे, सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीचा दंड होतो.

पासोचा पहारेकरी

हुआरेसविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून एल पासोहून भर घालतो. २०१० च्या सुमाराचा हुआरेस आणि आजचा हुआरेस यांत फरक आहे, पण निर्धास्त व्हावे इतका नाही. पायी जाणारे बहुधा पासो देल नोर्ते पुलावरून जातात. जुने लोक त्याला सांता फे पूल म्हणतात. टोलसाठी सुटी नाणी जवळ हवीत, दोन्ही बाजूंना. ब्रिज ऑफ द अमेरिकाज हा पूल फुकट आहे आणि म्हणूनच तिथे गाड्यांची झुंबड असते. हुआरेसचे घड्याळ एल पासोबरोबर चालते, राज्याची राजधानी चिवावाबरोबर नाही. २०२२ मध्ये मेक्सिकोने उन्हाळी वेळ रद्द केली तेव्हा सीमेवरच्या बहुतेक नगरपालिकांना त्यातून वगळले होते.

गाडीने जाणाऱ्यांना एक अनुभव. पहिल्याच सिग्नलपुढे मला वाहतूक पोलिसाने थांबवले आणि वेग जास्त होता म्हणाला. तिथे चिरीमिरीला "मोर्दीदा" म्हणतात, शब्दशः "चावा". मी शांतपणे पावती लिहून द्या, ठाण्यात येऊन दंड भरतो, असे मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तीनदा सांगितले. चौथ्यांदा सांगायची वेळ आली नाही, त्याने हात हलवून जायला सांगितले. घाई दाखवली असती तर चावा बसला असता. गाडी घेऊन सीमेपासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे जायचे असेल तर बानहेर्सितो या बँकेतून वाहनाचा तात्पुरता आयात परवाना काढावा लागतो आणि २००७ किंवा त्यानंतरच्या गाडीसाठी ४०० डॉलर अनामत ठेवावी लागते. बाहा कॅलिफोर्नियात मात्र तो लागत नाही.

चुकलेला_वाटसरू

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज कबुली देतो. सॅन इसिड्रोला सीमेला अगदी चिकटून एक मोठे आउटलेट मॉल आहे. दिवाळीच्या खरेदीसाठी आम्ही दोघे आणि चार वर्षांची मुलगी तिकडे निघालो होतो. आय-५ महामार्गावर "अमेरिकेतील शेवटचे निर्गमन" अशी पाटी येते, तो कामिनो दे ला प्लाझाचा फाटा. मुलीच्या हातातला ज्यूस सांडला, बायकोने मागे वळून रुमाल मागितला आणि माझी लेन चुकली. त्यापुढे वळायला जागाच नाही. दोन मिनिटांत आम्ही मेक्सिकोत होतो, अंगावर घरचे कपडे, मुलीचा तर पासपोर्टही घरी. ती अमेरिकेत जन्मलेली असल्याने आणि तिच्या जन्मदाखल्याचे छायाचित्र फोनमध्ये असल्याने परतीच्या खिडकीवर निभावले, पण त्याआधी साडेतीन तास रांगेत गेले आणि नंतर आम्हाला बाजूच्या तपासणीत घेतले ते वेगळेच. आमच्या दोघांचे पासपोर्ट गाडीत होते ही निव्वळ पूर्वपुण्याई. माझी पत्नी ते कप्प्यात ठेवते म्हणून मी नेहमी कुरकुर करत असे.

कागदोपत्री

जमिनीवरून परतणाऱ्या सोळा वर्षांखालच्या अमेरिकी नागरिक मुलाला पासपोर्टऐवजी जन्मदाखला चालतो, म्हणून तुमचे निभावले. मूळ प्रत किंवा छापील नक्कल गाडीत ठेवली तर आणखी बरे. एकच पालक मूल घेऊन जात असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र बरोबर घ्यावे. सीमा न ओलांडणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की सीमेपासून कित्येक मैल आत, आय-८ किंवा आय-१९ सारख्या महामार्गांवर, सीमा गस्तीच्या चौक्या असतात आणि अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा (आय-९४ किंवा ग्रीन कार्ड) जवळ बाळगणे कायद्याने आवश्यक आहे.

वाळवंटातली मोगरी

सर्वांचे आभार. काल आम्ही जाऊन आलो, म्हणून वृत्तांत देते. सकाळी साडेसातला गाडी वाहनतळावर लावली, नाक्यावर बाबांनीच आग्रह धरून खिडकी शोधली आणि फॉर्म करून घेतला. दवाखान्याने दिलेले अंदाजपत्रक इथल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके निघाले. परतीच्या रांगेत पन्नास मिनिटे लागली. आईसाठी घडीची खुर्ची नेली होती ती आमच्यापेक्षा पुढच्या एका कॅनेडियन आजींनाच जास्त उपयोगी पडली. अधिकाऱ्याने बाबांना विचारले, "का गेला होता?" बाबांच्या अर्ध्या जबड्यात भूल होती. त्यांनी नुसते गालाकडे बोट दाखवले आणि पावती पुढे केली. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. आय-९४ ची तारीख घरी येऊन पाहिली, जुनीच आहे. पुढची फेरी तीन आठवड्यांनी.